चालते घर, उजेड आणि ओझे : माहूरच्या पायथ्याशी घेतलेला एक निर्णय (धागा)

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, विकत घेऊ पाहणारे किंवा जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला घराचे रूप देऊ पाहणारे तरुण एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. बॅटरी शिसे-आम्लाची घ्यावी की लिथियमची? पलंग कायमचा असावा की घडीचा? स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, वातानुकूलन, यांतले काय ठेवावे आणि काय गाळावे? हा प्रश्न नवा वाटतो, पण तो चांगलाच जुना आहे. १६२३ साली माहूरला पोहोचलेल्या एका राजपुत्राला तो फार थोड्या अवधीत सोडवावा लागला होता.

त्या प्रसंगाकडे जाण्यापूर्वी मुघलांचे चालते घर कसे होते ते पाहू. अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही तळाचा हिशेब दिला आहे. एका तळाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत. तंबू उभारायला १,००० फर्राश, वाट साफ करायला ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, १५० झाडूवाले असत. चामड्याचे काम करणारे, तंबू शिवणारे आणि मशालजी निराळे. पुढे औरंगजेबाच्या काळात फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो की, असे दोन संच असत. बादशहा एका तळावर मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहू लागे. त्याला 'पेशखाना' म्हणत. मखमली आतली बाजू, जाजमे, पडदे, स्नानगृह, दरबाराचा मंडप, सारे काही त्यात होते. आजच्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात इतके पर्याय नसतात!

ऊर्जेची व्यवस्था तर त्याहून रंजक आहे. सूर्य मेष राशीच्या एकोणिसाव्या अंशात येई त्या दिवशी मध्यान्ही सूर्यकांत मणी उन्हात धरून कापूस पेटवीत आणि तो अग्नी एका पात्रात वर्षभर जतन करीत. दिवे लावणारे, मशालजी आणि स्वयंपाकी याच अग्नीचा वापर करीत आणि वर्ष सरताच तो नव्याने घेत. सूर्यापासून घेतलेली ऊर्जा साठवून ठेवायची आणि रात्री वापरायची, ही कल्पना तिथे धार्मिक भावनेतून आली होती. तांत्रिक सोय हा तिचा हेतू नव्हता. तरीही छपरावर सौरपट्ट्या बसवणाऱ्याने हा उतारा एकदा वाचावाच. तळावर ४० गज उंच खांब १६ दोरांनी ताणून उभा करीत आणि त्यावर 'आकाशदिया' लावीत, म्हणजे रात्री वाट चुकलेल्या शिपायाला आपला तंबू सापडे. पाणी गार करायला सोरा वापरीत. उजेड, आग आणि गारवा यांची सोय होती, पण ती सारी माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर उभी होती.

आता १६२३. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बाप जहांगीराविरुद्ध बंड करून हरला होता. महाबतखान आणि शहजादा परवेझ पाठीवर होते. पावसाळ्याच्या दिवसांत तापी ओलांडून, बुऱ्हाणपूर मागे टाकून तो आग्नेयेला निघाला आणि माहूरला आला. बरोबर कुटुंब होते, कारभार होता, लवाजमा होता. साथीदार मात्र एकेक करून गळत होते.

माहूरचे स्थान लक्षात घ्या. तीन अंगांनी डोंगर, खाली पैनगंगेचे वळण आणि पलीकडे तेलंगणाकडे उतरत जाणारे रान. तिथून पुढे कुतुबशाहीचा मुलूख. मुघल दख्खनच्या अगदी कडेवर असलेल्या या गडावर राजे उदाराम यांचा अंमल होता. खुर्रमने जड ओझ्याचे हत्ती आणि बरोबर नेता न येणारे सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामांच्या हवाली केले आणि तो सडा होऊन गोवळकोंड्याच्या मुलखातून मछलीपट्टणमकडे, तिथून ओडिशाकडे गेला.

मला हा प्रसंग लढाईपेक्षा महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या पुस्तकांत तो एका वाक्यात संपतो, पण त्या वाक्यात मुघलांच्या दख्खनमधल्या साऱ्या अडचणीचे बीज आहे. फर्राश, भोई आणि पाणके असतील तोवर मखमलीचे घर चालते. ती माणसे गेली की ते घर म्हणजे केवळ वजन उरते. खुर्रमला हे कळले, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्याच्या मुलाला, औरंगजेबाला, ते कळायला वेळ लागला. १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने गलगले येथे औरंगजेबाची छावणी पाहिली. त्याने तिचा घेर ३० मैल आणि वस्ती पाच लाखांची सांगितली आहे. प्रवाशाचा अंदाज म्हणून आकडे थोडे सैल धरले, तरी ते चालते घर नव्हते, अधूनमधून हलणारे शहर होते. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने वर्षानुवर्षे त्याच शहराची रसद तोडली.

माहूरच्याच घराण्यातली एक व्यक्ती या ओझ्याच्या कोंडीत सापडली होती. उदारामांच्या स्नुषा, 'रायबागन' या किताबाने प्रसिद्ध असलेल्या, १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाबरोबर उंबरखिंडीत होत्या. अरुंद घाटवाट, भरलेली फौज आणि दोन्ही अंगांनी शिवरायांची माणसे. रायबागन यांनी खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, असे परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. फौज सुटली, सामान तिथेच राहिले.

शिवकालातला आणखी एक कागद इथे आठवावा. १६७३ सालचे चिपळूणच्या छावणीला उद्देशून असलेले शिवरायांचे पत्र रयतेच्या काडीला हात न लावण्याच्या ताकिदीसाठी गाजले आहे. त्यात आणखी एक बारीक काळजी आहे. कोणी आगट्या करील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताचा साठा जळेल, असा इशारा तिथे दिला आहे. दाटीच्या मुक्कामात उजेड हाच मोठा धोका असतो, हे त्यामागचे शहाणपण. शिसे-आम्लाची उघडी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तिला झोपण्याच्या जागेखाली हवेशी वाट नसलेल्या खणात बसवणे म्हणजे त्या उंदरालाच आवतण आहे. लिथियमच्या बॅटरीलाही योग्य फ्यूज, योग्य जाडीची तार आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारे नियंत्रक मंडळ, हवेच.

खरे फिरते घर मात्र बादशहाचे नव्हतेच. ते बंजाऱ्यांचे होते. माहूर, किनवट, पुसद हा आजही तांड्यांचा प्रदेश आहे. १६३२ साली इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला उत्तरेत धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. दिवसाला सहासात मैलांची चाल, बायकामुले बरोबर, जनावरे स्वतःची. ज्या फौजांच्या कथा आपण वाचतो त्यांना धान्य पुरवणारे हेच लोक. त्यांच्या घराची 'अंतर्गत सजावट' अशी वेगळी नव्हतीच: दिवसा बैलाच्या पाठीवर असलेली गोणी रात्री उतरून रचली की आडोसा होई, वर पाल ताणले की घर. एका वस्तूने दोन कामे करायची. घडीचा पलंग आणि खाली सामानाचा खण, यामागे हेच तत्त्व आहे, आणि कायमच्या पलंगापेक्षा मी त्याच्याच बाजूने मत देईन.

आता हिशेब. पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ साली बनवली. तिचे मूळ तत्त्व अजून तेच आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी साधारण २५ ते ३० किलोची असते आणि टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच, म्हणजे ६०० वॅट-तास ऊर्जा वापरावी. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११ ते १३ किलोंत बसते आणि १,००० वॅट-तासांच्या आसपास देते. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ५०० वॅट-तास, पंखा २००, दिवे ५०, फोन आणि लॅपटॉप १५० धरा: बेरीज ९००. म्हणजे शिशाच्या दोन, सुमारे ५० ते ६० किलो, लिथियमची एक. वातानुकूलन यंत्र मात्र हा सारा साठा तासाभरात पिऊन टाकते. ज्याला ते बॅटरीवर चालवायचे आहे त्याने पेशखान्याइतकी तयारी करावी. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये सावली, जाळीच्या खिडक्या आणि छताचा पंखा हेच आधी पाहावे. उन्हाने दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांचे आयुष्य घटते, म्हणून इंजिनाजवळची जागा टाळावी.

शिशाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ती स्वस्त आहे, आणि बिघडली तर किनवटला किंवा माहूरला दुसरी मिळते. महिन्यातून दोन दिवस फिरणाऱ्याला लिथियमवर पैसे घालण्याची घाई नाही. पाण्याचे वजन मात्र कोणीही विसरू नये: १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि माहूरचा घाट चढताना ते इंजिनाला बरोबर कळते.

खुर्रम १६२८ मध्ये तख्तावर बसला आणि १६३० साली पुन्हा बुऱ्हाणपूरला उतरला, या वेळी संपूर्ण बादशाही लवाजम्यासह. त्या शतकातल्या मुघल तंबूंपैकी एक, लाल मखमलीचा आणि सोनेरी भरतकामाचा, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात जपलेला आहे. तिकडे गेलात तर कापडाच्या जाडीकडे नीट पाहा आणि हे सारे रोज सोडून, गुंडाळून उंटावर चढवणाऱ्या फर्राशांची संख्या आठवा.