मुद्दल आणि मोठेपण

लोणावळ्यातल्या महाविद्यालयात कला शाखेला एका स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाव आहे: डॉ. बी. एन. पुरंदरे. वाणिज्य शाखेला श्रीमती एस. जी. गुप्ता यांचे. प्रवेशाच्या अर्जावर, गुणपत्रिकेवर, बसच्या पासवर पुरंदऱ्यांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. हे पुरंदरे कोण, असे विचारणारा मात्र विरळा. भालचंद्र नीलकंठ पुरंदरे (१९११–१९९०) हे मुंबईतले नामवंत प्रसूतितज्ज्ञ. १९७२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘शल्यकौशल्य’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र. वडील डॉ. एन. ए. पुरंदरे हेही त्याच शाखेतले आणि तितकेच मोठे. गिरगाव चौपाटीजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि त्याच रस्त्यावरच्या ‘पुरंदरे गृहा’तून प्रसूतिशास्त्राच्या अखिल भारतीय नियतकालिकाचा कारभार चालत आला. एकाच घराण्याचे नाव मुंबईत रस्त्याला, घाटमाथ्यावर महाविद्यालयाला. वैद्यकातल्या थोरांची नावे टिकतात कशी, टिकवतो कोण आणि त्याचा खर्च कोणाच्या व्याजातून निघतो, हा या ग्रंथाचा विषय आहे.

विषय तसा कोरडा वाटेल. स्मृतिनिधी, स्मृतिव्याख्याने, सुवर्णपदके, प्रवासवृत्त्या यांची माहिती बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानांवर बारीक टाइपात असते आणि ती पाने कोणी उघडत नाही. परंतु एखाद्या वैद्यकशाखेने आपले पूर्वज कोणाला मानले, कोणाला विसरली आणि तरुणांकडून कशाची अपेक्षा ठेवली, हे कळायला याहून चांगले कागद नाहीत. पाठ्यपुस्तकात शास्त्र सापडते. देणगीपत्रात त्या शास्त्राची माणसे सापडतात. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो, इतिहासाचा विद्यार्थी असो की एखाद्या संस्थेचा खजिनदार, सुरुवात या कागदांपासून करावी.

पहिल्यांदा एक फरक ध्यानात घ्यावा. देणाऱ्याचे नाव आणि ज्याच्या सन्मानार्थ दिले त्याचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाटीवर त्या हटकून एक होतात. लोणावळ्यातच पाहा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. त्यांच्या योग महाविद्यालयाला गोरधनदास सेक्सरिया यांचे नाव आहे, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील केंद्राला ईश्वरदास चुनीलाल यांचे. ही देणाऱ्यांची नावे. खुद्द कुवलयानंदांचे मोठेपण त्या पाट्यांवर नाही, संस्थेच्या कामात आहे. तळेगाव दाभाड्यात उलट चित्र: १९९५ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाने ओळखले जाते. इथे पाटीवर धनिक नाही, डॉक्टर आहे. दोन्ही रीती योग्यच. पण अभ्यासकाने पाटी वाचताना हा प्रश्न दर वेळी विचारायलाच हवा.

सन्मानाची जुनी पद्धत लंडनमध्ये विल्यम हार्वेने घालून दिली. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या या डॉक्टरने १६५६ साली तिथल्या वैद्यांच्या महाविद्यालयाला केंटमधली आपली वडिलोपार्जित जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून दरवर्षी एक व्याख्यान व्हावे, वक्त्याने संस्थेच्या उपकारकर्त्यांचे स्मरण करावे, सभासदांना प्रयोगाने निसर्गाचा शोध घेण्याची प्रेरणा द्यावी आणि नंतर सर्वांनी एकत्र जेवावे, अशी व्यवस्था त्याने केली. गंमत अशी की स्वतःचा गौरव करा, असे त्यात कुठेच नव्हते. व्याख्यानाला नाव त्याचे लागले, गाभा मात्र प्रयोगाचा राहिला. साडेतीनशे वर्षांनंतरही ते व्याख्यान चालू आहे, आणि माझ्या मते त्याचे श्रेय जमिनीपेक्षा त्या मजकुराला अधिक आहे.

आपल्याकडची पहिली मोठी घटना मावळच्या वेशीवरच घडली. मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ च्या जुलैत पुण्याजवळ दापोडीला वारला. त्याच महिन्यात मुंबईत नागरिकांची सभा भरली, आणि पुतळा उभारण्याऐवजी वैद्यकीय महाविद्यालय काढावे, असे ठरून वर्गणी जमू लागली. जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी. ग्रँट डॉक्टर नव्हता. पण त्याच्या नावाने जमलेल्या पैशातून इथले पहिले डॉक्टर घडले. पुतळ्याऐवजी शाळा, हा त्या सभेचा विवेक पुढे सर्वांना राहिला, असे म्हणवत नाही.

प्रसूतिशास्त्राच्या बाबतीत तर देणगीच्या अटीनेच इतिहास वळवला. १८८० च्या दशकात मुंबईत स्त्रियांच्या औषधोपचारासाठी निधी उभा राहिला. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी किट्रेज यांनी पुढाकार घेतला आणि त्यातून डॉ. एडिथ पिची इंग्लंडहून आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी पैसे दिले ते रुग्णालय स्त्री डॉक्टरांच्या हाती राहील, या अटीवर. १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पुढे डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्यावर आधी तिथेच रुजू झाल्या. कामांनी आपले नाव पाटीवर लावून घेतले हे खरे; पण ‘स्त्री डॉक्टर’ ही अट त्या नावापेक्षा मोलाची ठरली. ज्या वर्षी हे रुग्णालय उघडले, त्याच वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात वारल्या. काम करायला त्यांना वेळच मिळाला नाही. आज महाराष्ट्रात त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे, आणि ती स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी आहे, हे योग्यच.

स्वातंत्र्यानंतर हा विषय संघटनांच्या हाती गेला. १९५० साली मद्रासमध्ये अहमदाबाद, बंगाल, मुंबई, कोल्हापूर, मद्रास आणि पंजाब इथल्या संस्थांनी मिळून प्रसूतितज्ज्ञांचा अखिल भारतीय महासंघ स्थापला. या यादीत कोल्हापूर आहे, हे पाहून मराठी वाचकाची मान थोडी ताठ व्हायला हरकत नाही. महासंघाच्या बक्षिसांची यादी वाचली की पिढ्यांची ओळख होते: कलकत्त्याचे पाठ्यपुस्तककार डॉ. सी. एस. डॉन यांच्या नावाचे एक, डॉ. कुमुद तामसकर यांच्या नावाचे एक, आणखी कितीतरी. नवख्या निवासी डॉक्टरला ही नावे केवळ ‘प्राइझ’ म्हणून माहीत असतात. त्यामागची माणसे त्याला भेटवणे, हे या ग्रंथाचे एक काम आहे.

आता हिशेबाकडे येऊ, कारण भावना तिथेच अडखळते. एक कल्पित उदाहरण घेऊ. १९५५ साली एखाद्या शिष्याने गुरूच्या नावाने पाच हजार रुपयांची कायम ठेव ठेवली आणि देणगीपत्रात लिहिले: ‘व्याजातून दरवर्षी एक सुवर्णपदक द्यावे.’ चार टक्क्यांनी दोनशे रुपये व्याज. तेव्हा सोने तोळ्याला शंभराच्या आत, म्हणजे पदक, घडणावळ आणि वर समारंभाचा चहा, सगळे निघत असे. आज तेच मुद्दल तेवढेच राहिले असेल तर सात टक्क्यांनी साडेतीनशे रुपये हाती येतात, आणि सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. खजिनदार काय करणार? सोन्याचा मुलामा दिलेले पितळ आणतो, नाव ‘सुवर्णपदक’च ठेवतो. यावर कोणी म्हणेल, व्याज मुद्दलात घालायला हवे होते. सत्तर वर्षे एक पैसाही न खर्चता सात टक्क्यांनी ते चक्रवाढ झाले असते, तरी पावणेसहा लाखांच्या आसपास पोचले असते, आणि त्याच्या वर्षाच्या व्याजात अर्धा तोळाही सोने येत नाही. दोष खजिनदाराचा नाही, शब्दाचा आहे. देणगीपत्रात वस्तू लिहिली की काळ तिला खातो. हेतू लिहिला तर विश्वस्तांना हातपाय हलवता येतात.

कायद्यानेही ही अडचण ओळखली आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्था आपल्याकडे १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत येतात, आणि मूळ हेतू पाळणे अशक्य किंवा निरुपयोगी झाले तर त्याच्या जवळच्या हेतूकडे निधी वळवण्यासाठी न्यायालयाची वाट आहे. पण ती वाट लांबची. छोट्या ठेवीसाठी वकील लावायला कोणी तयार नसते, म्हणून अनेक नावे पासबुकात पडून राहतात. व्याख्यान बंद, पदक बंद, मुद्दल मात्र जिवंत. अशा निद्रिस्त निधींवर या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण आहे. वाचकाने घाईत असल्यास निदान ते वाचावे.

निधीशिवायही नाव टिकते, याचे उत्तम उदाहरण याच शाखेत आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्राध्यापक. चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाचे मुख सैल पडते, हे त्यांनी ओळखले. त्याच स्त्रीच्या मांडीतून पातळ, चिवट आवरणाची पट्टी काढून ती मुखाभोवती वेढून बांधायची, अशी शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये मद्रासच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत आली, १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅकडोनाल्डने सोपी रीत मांडली. पण ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत रोज उच्चारले जाते. त्याला ना मुद्दल, ना विश्वस्त, ना ऑडिट. म्हणूनच निधी उभारणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हे नाव कामातून आधीच जिवंत असेल, तर आपल्या पैशाने त्यात नेमकी काय भर पडणार? उत्तर ‘दरवर्षी एक शाल आणि श्रीफळ’ एवढेच असेल, तर पैसे दुसरीकडे द्यावेत.

दुसरीकडे म्हणजे कुठे, याचे उत्तर मावळातच आहे. मुंबई-पुण्याच्या वैद्यक संघटनांची शिबिरे लोणावळ्याच्या हॉटेलांत भरतात. तिथे मान्यवरांच्या नावाची व्याख्याने होतात, टाळ्या होतात. तिथून फार दूर नसलेल्या आंदर मावळात आणि नाणे मावळात, पावसाळ्यात ओढे चढले की, दिवस भरलेल्या बाईला वडगाव-तळेगावपर्यंत पोचवणे अजूनही घरच्यांच्या काळजाचा विषय असतो. प्रसूतिशास्त्रातल्या थोरांच्या नावाचा एखादा निधी इथल्या परिचारिकांच्या प्रशिक्षणाला, एखाद्या आशा कार्यकर्तीच्या प्रवासखर्चाला, तालुक्यात येऊन राहणाऱ्या निवासी डॉक्टरच्या प्रवासवृत्तीला लावला, तर त्या थोरांना अधिक आवडले असते, असे मला वाटते. हे माझे मत आहे. ग्रंथातले सगळे लेखक त्याशी सहमत नाहीत, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिलेही आहे.

लहान निधीला कमी लेखू नये, हेही मावळच सांगतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा मिळाला आणि १९०८ साली तळेगावात त्यातून काच कारखाना निघाला. देणाऱ्यांपैकी कोणाचेच नाव पाटीवर नव्हते. वैद्यकशाखेत असा माणशी पैशाचा सन्माननिधी का निघू नये? एखाद्या डॉक्टरांच्या हातून जन्मलेली मुले त्यांच्या नावे छोटी छोटी रक्कम देऊ शकतात; ती रक्कम पदकाऐवजी एखाद्या उपकेंद्राच्या उपयोगी पडेल.

वाचकांना शेवटी एक विनंती. मावळ, लोणावळा, तळेगाव या परिसरात अनेक घरांत आजी-आजोबांच्या, वडिलांच्या कागदांत कुठल्याशा डॉक्टरांच्या स्मृत्यर्थ दिलेल्या देणगीची पावती, ठरावाची प्रत, पदकाचे प्रमाणपत्र पडलेले असेल. ते रद्दीत घालू नका. त्याची प्रत काढून आपल्या गावच्या ग्रंथालयात द्या आणि संबंधित संस्थेला पत्र लिहून विचारा: या ठेवीचे पुढे काय झाले?