दंतुर पट्ट्याचा ताण

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ राखण्याची जी कामगिरी पूर्वी दातेरी चाके आणि पोलादी साखळी यांच्याकडे होती, ती १९६२ साली बव्हेरियातील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या गाडीत दंतुर रबरी पट्ट्याकडे सोपविली. आणि १९७३ च्या सुमारास फेरारीच्या बॉक्सर इंजिनातही पट्टा आला, तेव्हा क्रीडा-मोटारींच्या दुनियेतही या नव्या व्यवस्थेवर जणू शिक्कामोर्तब झाले.

पट्टा हलका, स्वस्त व नीरव खरा. परंतु त्याच्या ताणाचा बंदोबस्त किती नाजूक आहे, हे १९८२ पासून नेकार्सुल्म येथे तयार होऊ लागलेल्या पोर्श ९४४ ने कारागिरांना शिकविले. पट्टा सैल राहून दाते घसरले की पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होई. उलट तो फाजील ताणला की त्याच पट्ट्यावर फिरणाऱ्या पाण्याच्या पंपाचे बेअरिंग झिजे. शिवाय ॲल्युमिनियमचे इंजिन तापले की प्रसरण पावून पट्टा आणखी ताणते. म्हणून मोजणी थंड इंजिनावरच करावी, असा दंडक होता.

अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून पट्टा पाव वळसा पिळून पाहण्याचा जुना शिरस्ता गॅरेजांतून रूढ असला, तरी कारखान्याने पी ९२०१ हे तबकडीचे मापक विहित केले होते आणि त्यावर नव्या पट्ट्यास जुन्याहून अधिक ताण देण्याचा निर्देश होता. अखेर १९८७ च्या आवृत्तीत स्प्रिंगचा ताणक बसविण्यात आला, आणि हाताच्या अंदाजावर सोडलेला बराचसा भार यंत्राने स्वतःकडे घेतला.