भांबुर्डीचा पाला

पोपटी म्हटली की आता कोंबडी आलीच. आमच्या आज्याच्या गोष्टींत मात्र कोंबडी फार उशिरा येते. अलिबागच्या आमच्या गावात तेव्हा कोंबड्या पाळायच्या त्या अंड्यांसाठी. सुरी फिरायची ती जावई आला तर, नाहीतर नवस फेडायचा असला तर. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मांस पडलंच तर कातकऱ्यांनी भाताच्या बदल्यात दिलेला ससा. कापणी झाली की कातकरी बांधावरची बिळं धुरी देऊन उकरत आणि शेतातला उंदीर विस्तवावर भाजून खात. आजी नाक मुरडायची. आजा म्हणायचा, "आपलाच भात खाल्लाय ना त्यानं? मंग घाण कसली?" त्यानं स्वतः कधी चाखला का, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाच्या शिकारीवर बंदी आली, बरंच झालं. मडक्यातलं मांस बदललं, पाला तोच राहिला, भांबुर्डीचा. भात निघाल्यावर मोकळ्या शेतात ती आपोआप उगवते. पान लवदार, चुरडलं की कापरासारखा उग्र दर्प. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. सशाच्या मांसाचा हिंवस वास मारायला तोच दर्प कामी यायचा.

मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर, वर जाडं मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे अंडी आणि मांस, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला अगदी ठासून. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, झावळ्या, गोवऱ्या पेटवायच्या. लोक म्हणतात धुराची चव. खरं तर बाहेरचा धूर आत फारसा शिरतच नाही. पाल्यातून सुटलेली वाफ आत कोंडते आणि कडेचा पाला करपून धुरावतो, चव त्याची. तापल्या मडक्यावर आजा पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की पोपटी झाली.

वलसाडकडचं उंबाडियू याच घराण्यातलं, पण त्यात मांस नसतं.

हल्ली कोंबडीला लाल मसाला चोपडतात, कुणी भांबुर्डीऐवजी कोबीची पानं घालतं. मसाल्याचं एक वेळ चालेल. पण जानेवारीत अलिबागकडे पोपटी खायला गेलात, तर मडकं लावायच्या आधी पाला मागून हातात चुरडून बघा. बोटांना वास राहिला नाही, तर पैसे देऊ नका.