चंदनाचा गंध : कविसंकेत आणि काष्ठरसायन

भारतीय भाषांतील काव्यात चंदन इतक्या वेळा भेटते, की तो एक वृक्ष आहे याचाच अभ्यासकाला विसर पडावा. त्याच्या काष्ठाची रासायनिक घडण लक्षात घेतल्यास काव्यातील चंदन कोणाच्या अनुभवातून आले असावे, याविषयी काही अनुमान करता येते.

राजशेखराने दहाव्या शतकाच्या आरंभी ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची व्यवस्था लावली. चंदन मलय पर्वतावरच वर्णावे, आणि त्याला फुले-फळे असली तरी ती वर्णू नयेत, हे त्यातील दोन संकेत. दुसरा संकेत अज्ञानातून आलेला नाही, हे येथे महत्त्वाचे. राजशेखर फुले-फळे ‘असूनही न वर्णण्याच्या’ वर्गात घालतो. म्हणजे वस्तुस्थिती त्याला ठाऊक आहे. मग ती वगळली का?

चंदनाच्या लाकडाचा बहुतांश भाग अन्य कोणत्याही लाकडाप्रमाणे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचाच असतो. गंध देणारे तेल खोडाच्या व मुळांच्या मध्यकाष्ठात साठते. बाहेरचे फिकट रसकाष्ठ गंधहीन असते. या तेलातील मुख्य घटक म्हणजे अल्फा व बीटा सँटॅलॉल ही पंधरा कार्बन अणूंची अल्कोहोले. उत्तम तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्याचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के, तर दुसऱ्याचे १६ ते २४ टक्के ठरविलेले आहे. सँटॅलॉलचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने ते फार सावकाश उडते, आणि म्हणूनच तोडलेला ओंडका वर्षानुवर्षे गंध राखतो. उभे झाड मात्र जवळजवळ वासहीन असते. फुलेही सुगंधासाठी प्रसिद्ध नाहीत.

तेव्हा मलयानिलाने वाहून आणलेला चंदनगंध हा अरण्यातला अनुभव असणे कठीण. कनोजच्या दरबारी वावरणाऱ्या राजशेखरासारख्या कवीपर्यंत चंदन पोहोचत होते ते ओंडक्याच्या किंवा उटीच्या रूपाने. व्यापाराने आणलेल्या वस्तूचा गुण कवींनी मूळ वृक्षावर आरोपित केला, आणि त्या गुणाशी न जुळणारी फुले-फळे संकेताने बाजूस सारली, असे मला वाटते. मराठीतील ‘चंदनासारखे झिजणे’ हा प्रयोग या दृष्टीने रसायनाच्या अधिक जवळचा आहे. सहाणेवर खोड उगाळल्याने पेशी फुटतात आणि तेल मोकळे होते. हे घराघरातल्या देवपूजेतले निरीक्षण आहे.

‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायात चंदनावरून आलेल्या वाऱ्याच्या स्पर्शाने जवळचे निंब देवाच्या कपाळी बसण्याच्या योग्यतेस पोहोचतात. सत्संगाच्या या प्रतिमेला संस्कृत सुभाषितांची दीर्घ परंपरा आहे. १८७१ मध्ये जॉन स्कॉट यांनी दाखवून दिले, की चंदन हा अंशतः परोपजीवी वृक्ष आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी व क्षार शोषून घेतात, आणि ज्यांच्यावर ती अशी पोसतात त्या यजमान वृक्षांत निंबाचाही समावेश होतो. काव्यातला दाता जमिनीखाली याचक निघतो!

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवून त्यावर राज्याची मक्तेदारी बसविली. पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीकडे जाणारे लाकूड अडले, तेव्हा १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचे तेल गाळण्यास प्रारंभ केला. तेथे विकत घेणाऱ्यास हवे होते ते मध्यकाष्ठच; फुला-फळांचा हिशेब त्या व्यवहारातही नव्हता.