सिमेंटच्या एका गोणीमागे किती कोळसा जळतो आणि तो कमी कसा करता येतो?

चीननंतर जगात सर्वाधिक सिमेंट भारतात तयार होतं. सिमेंट कारखान्याच्या खर्चात इंधन आणि वीज यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे ऊर्जा वाचली तर कारखान्याचा खर्च कमी होतो आणि प्रदूषणही घटतं. पण ही बचत नेमकी होते कुठे?

एवढी ऊर्जा लागते कशाला?

चुनखडी आणि माती दळून त्यांची पूड फिरत्या भट्टीत सुमारे 1,450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते. त्यातून काळसर रंगाचे कडक खडे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम घालून दळलं की झालं सिमेंट.

एक किलो क्लिंकर बनवायला चांगल्या भारतीय कारखान्यात साधारण 725 किलोकॅलरी उष्णता लागते. साध्या म्हणजे ओपीसी सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीत सुमारे 47 किलो क्लिंकर असतं. किलोमागे 4,000 किलोकॅलरी देणारा कोळसा धरला, तर एका गोणीसाठी साधारण साडेआठ किलो कोळसा जळतो. शिवाय सुमारे 4 युनिट वीज लागते, ती वेगळीच.

कारखान्यात बचत कुठे होते?

उष्णता पुन्हा वापरणं: पूर्वीच्या पद्धतीत कच्च्या मालात पाणी घालून चिखल केला जायचा आणि ते पाणी उडवण्यातच बरंच इंधन जायचं. आता कोरडी पूड उंच मनोऱ्यातून खाली सोडतात. भट्टीतून वर येणारा गरम वायू तिला वाटेतच तापवतो. या मनोऱ्याला प्रीहीटर म्हणतात.

वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज: प्रीहीटरमधून बाहेर पडणारा वायूही सुमारे 300 अंशांचा असतो. त्यावर वाफ तयार करून टर्बाइन फिरवता येतं. कारखान्याच्या गरजेपैकी 20 ते 30 टक्के वीज यातून मिळू शकते.

दळण: सिमेंट कारखान्यातली निम्म्याहून जास्त वीज दळण्यावर खर्च होते. जुन्या गिरणीत पोलादी गोळे एकमेकांवर आपटत राहतात आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. मालाला थेट दाबून भरडणाऱ्या रोलर गिरण्यांना वीज बरीच कमी लागते.

पंखे: पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला, तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणून हवा अडवण्यासाठी झडप लावण्याऐवजी मोटरचा वेगच कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवतात.

सरकारचं धोरण काय?

2012 पासून केंद्राच्या 'पॅट' योजनेत सिमेंट कारखान्यांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य दिलं गेलं. लक्ष्यापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रं मिळायची आणि मागे पडलेल्याला ती विकत घ्यावी लागायची. 2023 मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली.

मग यंत्रं बदलली की काम झालं?

नाही. क्लिंकर तयार होण्याच्या रासायनिक क्रियेलाच किलोमागे 400 किलोकॅलरींहून जास्त उष्णता लागते. त्याखाली कोणतंही यंत्र जाऊ शकत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. क्लिंकर बनवताना होणाऱ्या उत्सर्जनापैकी सुमारे 60 टक्के उत्सर्जन या क्रियेतून होतं. इंधन बदललं तरी ते थांबत नाही.

त्यामुळे सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे गोणीतलं क्लिंकरच कमी करणं. पीपीसी सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रातली राख म्हणजे फ्लाय ॲश मिसळतात. भारतीय मानकानुसार ती 15 ते 35 टक्के चालते. ही राख पुन्हा भाजावी लागत नाही. 30 टक्के राख घातली तर वरच्या हिशेबातला साडेआठ किलो कोळसा सुमारे 6 किलोवर येतो. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी, कोळसा, महाऔष्णिक वीज केंद्र आणि गडचांदूर, घुग्घुससारख्या ठिकाणचे सिमेंट कारखाने असं सगळंच जवळजवळ आहे.

पुढचा टप्पा एलसी3 सिमेंटचा आहे. त्यात सुमारे निम्मंच क्लिंकर असतं. बाकी भाजलेली चिकणमाती, चुनखडीची पूड आणि थोडं जिप्सम. ही माती 700 ते 850 अंशांवर भाजली तरी पुरते. भारतात त्यासाठी 2023 मध्ये मानक आलं.

राखेचं सिमेंट कच्चं असतं का?

घर बांधणाऱ्या अनेकांना ही शंका असते. पीपीसीला ताकद यायला वेळ लागतो, पण ती पुढे वाढत राहते. त्यासाठी पाणी नीट मारायला हवं. मानकानुसार ओपीसीला किमान 7 दिवस, तर राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत 14 दिवस बांधकाम ओलं ठेवावं. ही काळजी घेतली नाही आणि स्लॅब कच्चा राहिला, तर दोष राखेचा नसतो.

गोणीवर ओपीसी की पीपीसी हे छापलेलं असतं. कोणतं घ्यायचं ते कामानुसार अभियंत्याला विचारून ठरवावं. पण 'राखेचं आहे' एवढ्याच कारणावरून पीपीसी नाकारलं, तर दर गोणीमागे अडीच किलोच्या आसपास कोळसा जास्त जळतो.