भिडू, बोली आणि किल्ले : औंधच्या मूळपुरुषाचा डाव

१/ ब्रिजच्या टेबलावर समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. भिडूची तेरा पाने दिसत नाहीत आणि त्याला काही विचारण्याची मुभाही नसते. जे कळवायचे ते बोलीतूनच. प्रतिपक्षही बोली चढवीत असतो. अशा वेळी कसलेली जोडी कधीकधी स्वतः डाव घेण्याचा आग्रह सोडते, प्रतिपक्षाला एकेक पायरी वर ढकलते आणि न पेलणारी बोली त्याच्या गळ्यात टाकते.

२/ १६८९ ते १७०७ या काळात मराठी राज्य याच रीतीने लढले. त्या लढ्यातील एक महत्त्वाचा भिडू म्हणजे परशुराम त्रिंबक. सातारा प्रांतातील किन्हईचे हे कुलकर्णी पुढे पंतप्रतिनिधी झाले. औंध संस्थानाचे ते मूळपुरुष.

३/ मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज शेकडो मैल दूर, जिंजीला पोहोचले. महाराष्ट्राची जबाबदारी रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांच्यावर आली. परशुरामपंत त्यांच्या हाताखाली कर्तबगारी दाखवून वर आले.

४/ राज्याची आता दोन केंद्रे झाली होती आणि मध्ये शत्रूचा मुलूख पसरला होता. प्रत्येक निर्णयासाठी जिंजीची आज्ञा मागविणे अशक्य होते. म्हणून रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब आणि त्यासोबत जवळजवळ राजाचे अधिकार मिळाले. इकडच्यांनी निर्णय घ्यावा, तिकडच्यांनी तो आपला मानावा, हा त्या भागीदारीचा पाया होता. दूरच्या भिडूवर एवढा विश्वास टाकणे हीच या राज्याची पहिली मोठी जोखीम होती.

५/ दुसरी जोखीम बोलीची. देशमुख आणि सरदार यांच्यापुढे दोन दरवाजे उघडे होते. औरंगजेब मनसबी आणि जहागिरी देऊ करीत होता. खजिना रिकामा असलेल्या मराठी राज्याने त्याला वतने, इनामे आणि सरंजाम यांनी उत्तर दिले. शिवाजी महाराजांनी वतनदारीला लगाम घातला होता; तो आता सैल करावा लागला.

६/ या बोलीचा नमुना १६९१ चा आहे. राजाराम महाराजांनी हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना मिळून ६ लाख होनांचा सरंजाम देण्याचे वचन दिले. मात्र त्याला हप्ते होते. रायगड प्रांत, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद जिंकल्यावर टप्प्याटप्प्याने निम्मी रक्कम आणि उरलेली निम्मी दिल्ली काबीज झाल्यावर! राजधानी वेढ्यात असलेला राजा दिल्लीच्या नावाने बोली लावीत होता. हाती नसलेल्या मुलखाच्या भरवशावर त्याने माणसे उभी केली.

७/ ही बोली महाग पडली. जो सरदार स्वतःच्या बळावर मुलूख मिळवितो, तो धन्याचे किती ऐकणार? रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी कडक इशारे आहेत. हे इशारे देणारा माणूस वतनांच्या वाटपाच्या काळात स्वतः कारभार पाहत होता, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजेत.

८/ भिडूंमधील विश्वास तुटला म्हणजे काय होते, तेही याच काळात दिसले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या जोडीने मोगली फौजांना हैराण केले होते. पुढे दोघांत वितुष्ट आले. राजाराम महाराजांचाही संताजींवर रोष झाला. एकाकी पडलेल्या संताजींना १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी माने यांनी शंभू महादेवाच्या डोंगराळ भागात ठार केले. जे मोगलांना साधले नव्हते, ते घरच्या वैराने साधले.

९/ १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः किल्ले घ्यायला निघाला. साताऱ्याला वेढा पडला असतानाच, मार्च १७०० मध्ये, राजाराम महाराज सिंहगडावर वारले. सूत्रे ताराबाईंच्या हाती आली आणि परशुरामपंत त्यांचे प्रमुख आधार झाले. आता बोली किल्ल्यांवर लागू लागली.

१०/ विशाळगडाचे उदाहरण पाहावे. १७०१ च्या अखेरीस वेढा बसला. परशुरामपंत गडावर होते. त्यांनी सहा महिने किल्ला झुंजविला. जून १७०२ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना, शहजादा बेदारबख्त याच्यामार्फत बोलणे झाले. २ लाख रुपये घेऊन मराठे सुखरूप गडाखाली उतरले. बादशहाने किल्ल्याला नवे नाव दिले.

११/ खरी किंमत त्यानंतर मोजावी लागली. विशाळगडाहून पन्हाळ्याकडचे सुमारे ३० मैलांचे अंतर कापायला बादशाही छावणीला ३८ दिवस लागले. कोसळता पाऊस, फुगलेले ओढे, चिखलात रुतणारी जनावरे, उपासमार. एका किल्ल्यासाठी एवढी नासाडी!

१२/ मग याला फितुरी म्हणावे काय? पैसे घेऊन किल्ला सोडला, एवढेच पाहिले तर तसे वाटेल. पण किल्ला पहिल्याच मागणीला दिला नव्हता. शत्रूचा संपूर्ण हंगाम त्यात खर्ची पडला होता. शिबंदी वाचली, पैसा हाती आला आणि त्यानंतरही परशुरामपंतांवरील ताराबाईंचा विश्वास ढळला नाही. परळी, सिंहगड असे इतर किल्लेही याच रीतीने गेले. तोरणा मात्र १७०४ मध्ये मोगलांनी पैसे न देता, लढून घेतला. म्हणूनच त्याची वेगळी नोंद होते.

१३/ बादशहा पुढे सरकताच मराठे मागे फिरत. पुढील काही वर्षांत सातारा, सिंहगड, पन्हाळा पुन्हा मराठ्यांकडे आले. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मरण पावला, तेव्हा त्याने प्रचंड खर्च करून जिंकलेले बरेचसे हातून निसटले होते. बोली त्याने जिंकली होती. डाव मात्र पुरा झाला नाही.

१४/ आणि मग भिडूच बदलण्याची वेळ आली. शाहू महाराज सुटून आले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा धनाजी जाधव शाहूंना मिळाले. परशुरामपंत ताराबाईंच्याच बाजूने राहिले. सातारा शाहूंनी घेतला आणि पंत कैदेत पडले. काही वर्षांनी शाहूंनीच त्यांना मुक्त करून प्रतिनिधिपद परत दिले. शत्रूपक्षातील निष्ठावंताची किंमत नव्या राजाने ओळखली होती.

१५/ १७१८ मध्ये परशुरामपंत वारले. त्यांचे पुत्र श्रीपतराव शाहूंचे प्रतिनिधी झाले. औंधचे घराणे याच शाखेचे. दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या गादीकडे राहिले आणि विशाळगडची शाखा त्यांच्यापासून सुरू झाली. ज्या गडाचा पित्याने २ लाखांना सौदा केला, तोच गड पुत्राच्या वंशाची ओळख झाला.

१६/ औंधला गेल्यावर बहुतेकांची पावले यमाईच्या डोंगराकडे आणि भवानी संग्रहालयाकडे वळतात. त्या वैभवामागे किन्हईच्या एका कुलकर्ण्याचा डाव आहे. कोणता किल्ला किती दिवस धरायचा, केव्हा सोडायचा आणि कोणाची साथ अखेरपर्यंत सोडायची नाही, याचा हिशेब त्याने वेढ्याच्या धुरात बसून केला होता.