उशाशी ठेवलेले यंत्र

१. पेसमेकर निपाणीतल्या घरून बेळगावच्या डॉक्टरांशी ‘थेट’ बोलतो, हे लेखकाचे विधान सैल आहे. दोन गावांत सुमारे ७५ किलोमीटर महामार्ग. छातीतल्या यंत्राची हाक मात्र काही मीटरच, म्हणजे उशाशी ठेवलेल्या यंत्रापर्यंत पोहोचते. पुढचा निरोप मोबाइलचे जाळे नेते. हाक इतकी तोकडी पडते, याला कारण आपले पाण्याने भरलेले शरीर. रोपित यंत्रांसाठी राखलेल्या ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात हवेतली तरंगलांबी सुमारे ७४ सेंटिमीटर असते, स्नायूत ती जेमतेम १० उरते. त्यामुळे अँटेना आखूड करता येतो हा फायदाच. पण त्याच ऊती बरीचशी ऊर्जा शोषतात. टायटॅनियमचे कवच लहरी अडवते, म्हणून अँटेना बहुधा त्याच्या माथ्यावरच्या प्लास्टिकसदृश भागात बसवतात. मग शक्ती का वाढवू नये? मर्यादा २५ मायक्रोवॉटची आहे, कारण हाच पट्टा हवामानखात्याचे फुगेही वापरतात. शिवाय बॅटरी अनेक वर्षे पुरवायची असते. वारंवारता वाढवली तर अँटेना आणखी लहान होईल, पण शोषण वाढेल. तेव्हा सीमाभागातल्या रुग्णाची खरी अडचण अँटेनात शोधू नये. घरात मोबाइलची रेंज आहे का, हे आधी पाहावे. (संपा.)